गॅस्ट्रिक बायपास: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. सर्जन पंधरा-वीस मिनिटांत गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन समजावून सांगतात. मग माणसं माझ्या टेबलाशी येतात, आणि सर्जनसमोर विचारायचे राहिलेले किंवा विचारायला लाज वाटलेले प्रश्न बाहेर पडतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासूनच सांगतील. त्यांना काय काय विचारायचं, एवढं मात्र हे वाचून ठरवता येईल.

ऑपरेशनमध्ये पोटाची चरबी काढून टाकतात का?

नाही. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, आणि ते प्लास्टिक सर्जनचं काम. बायपासमध्ये चरबीला कुणी हात लावत नाही. 'बायपास' ऐकून हृदयाचंच काहीतरी असणार अशा समजुतीने ईसीजीची फाइल घेऊन आलेले सासरेबुवाही मी पाहिलेत.

पुणेकरांना मी कात्रज-देहूरोड बायपासचं उदाहरण देते. साताऱ्याहून मुंबईला निघालेली गाडी पेठांमध्ये न शिरता बाहेरूनच पुढे जाते. इथेही तसंच. जठराच्या अगदी वरच्या टोकाला स्टेपलरने एक छोटी पिशवी वेगळी करतात, साधारण १५ ते ३० मिलिलिटरची, म्हणजे लहान लिंबाएवढी. मग लहान आतडं थोडं पुढे जाऊन कापतात आणि त्याचं खालचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात. आतड्याच्या वरच्या भागातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येत असतो. तो भाग साधारण मीटर-दीड मीटर खाली पुन्हा आतड्यालाच जोडतात. थोडक्यात, अन्न एका वाटेने येतं, पाचकरस दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची गाठ खाली पडते. या जोडणीचा आकार इंग्रजी 'वाय'सारखा दिसतो. ती पद्धत लोझानचे स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणून तुमच्या कागदांवर 'रू-एन-वाय' असं लिहिलेलं असतं.

मग उरलेलं जठर काढून टाकतात?

ते पोटातच राहतं, जिवंत असतं, रसही तयार करतं. फक्त त्यात अन्न जात नाही. पुढे कधी एन्डोस्कोपी करावी लागली तर नेहमीच्या दुर्बिणीने तो भाग दिसत नाही, आणि पित्तनलिकेतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढणंही अवघड होतं. म्हणूनच तुमचा बायपास झालाय हे प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं.

स्लीव्ह, मिनी बायपास आणि हा बायपास यांत फरक काय?

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कायमचा कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. ऑपरेशन सोपं असल्यामुळे आज जगात सर्वांत जास्त तेच होतं. पण ज्यांना आधीपासून जबर ॲसिडिटी आहे, रात्री घशाशी आंबट येतं, त्यांचा तो त्रास स्लीव्हने वाढू शकतो. बायपासने तो बहुधा कमी होतो.

मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि आतड्याचा जोड एकच. रॉबर्ट रटलेज या अमेरिकन सर्जनने १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे ती बरीच होते. वजन छान उतरतं, मधुमेहावरही चांगला परिणाम होतो, मात्र काहींना पित्त वर येण्याचा त्रास होतो. नाव 'मिनी' असलं तरी गोळ्या आणि तपासण्या मिनी नसतात. हा गैरसमज घेऊन येणारे आठवड्याला एक-दोन तरी भेटतातच.

हे ऑपरेशन सुचलं तरी कुणाला?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर वाढता वाढत नसे. त्यावरून त्यांनी आणि चिकाओ इतो यांनी १९६६ च्या सुमाराला लठ्ठपणासाठी पहिले बायपास केले. तेव्हा पोट उघडून ऑपरेशन व्हायचं. दुर्बिणीतून बायपास १९९३-९४ पासून होऊ लागला.

जठर छोटं केलं की कमी खाल्लं जातं आणि वजन उतरतं. एवढंच ना?

एवढंच असतं तर तोंडाला कुलूप लावूनही जमलं असतं. डाएट करून वजन उतरवलेल्या माणसाची भूक वाढते. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि ते गेलेलं वजन परत मिळवायच्या मागे लागतं. जिद्द कमी पडली म्हणून माणूस हरतो असं नाही. पंचवीस वर्षं स्वतःला दोष देत आलेल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा कित्येकींच्या डोळ्यांत पाणी येतं.

बायपासनंतर उलटं घडतं. अर्धवट पचलेलं अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं. तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरकं जोरात बाहेर पडतात. ती मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतात आणि इन्सुलिनचं कामही सुधारतात. वजन झपाट्याने उतरत असूनही भूक खवळत नाही. आमचे पेशंट पहिल्या सहा महिन्यांत सांगतात की जेवायची आठवण करून द्यायला मोबाइलवर गजर लावावा लागतो. माझी अडचणही तिथेच सुरू होते, कारण भूक नसलेल्या माणसाकडून प्रोटीन खाऊन घ्यायचं असतं.

माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ९२ किलो. मला करता येईल?

आधी बीएमआय काढू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. तुमची उंची १.५८ मीटर धरली तर बीएमआय येतो जवळपास ३७.

१९९१ पासून जगभर ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५, अशी मर्यादा धरली जायची. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली. आता ३५ च्या पुढे आजार असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस करावी, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा, असं त्या सांगतात. आशियाई लोकांसाठी हाच विचार २७.५ पासून. भारतात बरेच सर्जन अजूनही आजार असतील तर ३२.५ आणि नसतील तर ३७.५ हे आकडे धरून चालतात.

आपल्यासाठी वेगळी पट्टी का? याचं उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते आणि मधुमेह लवकर गाठतो. त्यामुळे गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

नुसता बीएमआय बघून मात्र कुणालाही टेबलावर घेत नाहीत. थायरॉइडसारखी कारणं, मनाची स्थिती, दारूचं व्यसन, आधी केलेले प्रयत्न, घरात कोण सांभाळणार, हे सगळं पाहिलं जातं.

डायबिटीस बरा होतो का?

'बरा' हा शब्द आम्ही वापरत नाही. आम्ही म्हणतो, तो विश्रांतीला जातो. किती काळ, ते माणसागणिक वेगळं. बऱ्याच जणांची साखर वजन उतरायच्या आधीच, ऑपरेशननंतर काही दिवसांतच खाली येते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० मधुमेही रुग्णांवर केलेल्या तुलनेत एका वर्षानंतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६ किंवा त्याखाली आलेले लोक बायपासच्या गटात ४२ टक्के होते, स्लीव्हच्या गटात ३७ आणि नुसत्या औषधोपचाराच्या गटात १२. पाच वर्षांनी हेच आकडे २९, २३ आणि ५ वर आले. म्हणजे फायदा टिकतो, पण घसरतोही. मधुमेह नवा असेल, इन्सुलिन सुरू झालेलं नसेल, तर शक्यता चांगली. वीस वर्षांचा जुना आणि इन्सुलिनवरचा मधुमेह असेल तर डोस कमी होईल, तेवढ्यावर समाधान मानायची तयारी ठेवा.

आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. मग पोट कशाला फाडायचं?

प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली आणि तेव्हापासून आमच्या ओपीडीत हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. चाचण्यांमध्ये वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडने वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि मौंजारोतल्या टिरझेपॅटाइडने मोठ्या डोसला २० टक्क्यांच्या आसपास उतरलं. बायपासने साधारण २५ ते ३५ टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, त्यामुळे खर्चाचा हिशेब महिन्याचा नको, दहा वर्षांचा करा. बीएमआय ३० असेल तर माझं मत आधी औषधाकडे झुकतं. ४५ असेल, गुडघे गेले असतील, रात्री श्वास अडकत असेल, तर इंजेक्शनवर वर्षं घालवू नयेत असं मला वाटतं. दोन्ही एकमेकांच्या जोडीनेही वापरतात. हे भांडण कंपन्यांचं आहे, पेशंटने त्यात बाजू घ्यायचं कारण नाही.

जिवाला धोका किती?

चांगल्या, सरावाच्या केंद्रात पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन असा सांगितला जातो, म्हणजे पित्ताशयाच्या किंवा सांध्याच्या नेहमीच्या ऑपरेशनच्या आसपास. वजन फार असेल, हृदय-फुप्फुसं कमजोर असतील, तर तो वाढतो.

पहिल्या काही दिवसांत भीती दोन गोष्टींची: जोडातून गळती आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. दुसरीसाठीच ऑपरेशनच्या संध्याकाळी तुम्हाला उठवून चालवतात. "अहो, अजून भूल उतरली नाही आणि चालायला लावतात," अशी तक्रार प्रत्येक नातेवाईक करतो. चालू द्या.

घरी गेल्यावर बसल्या जागी नाडी १२० च्या वर, ताप, दम लागणं, डाव्या खांद्यात कळ, पोटरी सुजून दुखणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. गळती झाल्यावर पोट फार दुखेलच असं नाही. कित्येकदा आधी नाडीच धावते.

आणि एक धोका वर्षं-दोन वर्षांनी येतो, तो लोक विसरतात. वजन उतरल्यावर पोटातली चरबी कमी होते, आतल्या फटी मोकळ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. पोटात मुरडा येऊन असह्य कळ आली, ओकारीची भावना झाली, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका. सीटी स्कॅन होईल अशा हॉस्पिटलात जा, शक्यतो जिथे बायपास करणारा सर्जन आहे तिथेच.

ऑपरेशनच्या आधी काय तयारी?

रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, हृदयाची तपासणी, घोरत असाल तर झोपेची तपासणी, आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट. ही शेवटची भेट ऐकून "मी वेडी आहे का?" असं विचारतात. नाही. ताण आला की फ्रिज उघडणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर तो फ्रिज उपयोगी पडत नाही, त्याची तयारी आधी करावी लागते.

दोन आठवडे कमी कर्बोदकांचा, कमी कॅलरीचा आहार असतो. यकृत मोठं आणि चरबीने भरलेलं असतं, ते थोडं आक्रसलं की सर्जनला खालचं जठर दिसतं. "आता उपाशीच राहायचंय तर एकदा मनसोक्त जेवून घेऊ" म्हणून आदल्या आठवड्यात बिर्याणीवर ताव मारणारे सर्जनला लगेच ओळखू येतात.

विडी-सिगारेट कमीत कमी सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कायमची बंद. तंबाखू, गुटखाही त्यात आला. मशेरीचं बायका सांगतच नाहीत, कारण ते व्यसन आहे असं त्यांना वाटत नाही. मशेरीही तंबाखूच. धूम्रपानाने नव्या जोडापाशी अल्सर होतो, हे पक्कं ठाऊक आहे. बाकीच्या तंबाखूवरही मी विश्वास ठेवत नाही.

किती दिवस हॉस्पिटलात?

ऑपरेशन दीड ते तीन तासांचं, पोटावर पाच-सहा छोटी भोकं, दोन-तीन दिवस मुक्काम. बैठं काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होतं. जड वजन उचलणं महिना-दीड महिना नको, त्यात पाण्याची कळशी आणि नातवंडंही आली.

सुरुवातीला काय खायचं?

पहिले दोन आठवडे पातळ: पाणी, मुगाचं कढण, गाळलेलं सूप, पातळ ताक, साखरेशिवाय दूध, प्रोटीन पावडर. घोट घोट, दिवसभर. एका दमात अर्धा ग्लास प्यायलात तर पिशवी भरून छातीत कळ येईल. पुढचे दोन आठवडे दाटसर: घट्ट वरण मिक्सरमधून काढून, दही, मऊ कुस्करलेलं पनीर, उकडलेलं अंडं दह्यात कालवून. मग महिनाभर मऊ: मुगाची पातळसर खिचडी, वाफवलेला मासा, भोपळा, दुधी. साधारण दोन महिन्यांनी घरचं नेहमीचं, पण दोन-चार चमच्यांच्या मापाने. प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमचा तोच पाळा.

तक्त्यापेक्षा अवघड असतात तीन सवयी. पहिली, जेवताना पाणी न पिणं. तांब्या-भांडं ताटाशेजारी ठेवायची आपली जुनी पद्धत, आणि घासागणिक ताक पिणारे तर घरोघरी. जेवणानंतर अर्धा तास काही प्यायचं नाही. दुसरी, घास बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि वीस-पंचवीस वेळा चावणं. मऊ पोळी आणि चिकट भात हे दोन पदार्थ आपल्याला सोपे वाटतात, पण नव्या पिशवीत हेच गोळा होऊन अडकतात. कित्येकांना भाकरीचा पापुद्रा पोळीपेक्षा आधी चालतो. तिसरी, शेवटचा घास ताटात सोडणं. "अन्न टाकू नये" हा संस्कार इतका खोल आहे की पोट भरल्यावरही माणूस तो घास गिळतो आणि मग ओकतो. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे बशीतच वाढून घ्यायचं, ताट नको.

शाकाहारी माणसाने प्रोटीन कुठून आणायचं?

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. हिशेब करून बघू. १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, ३० ग्रॅम सुके सोयाबीन वडे १५, पेलाभर दूध ७, वाटीभर घट्ट वरण ६. झाले ४६. एक चमचा-माप व्हे पावडर टाकली तर सत्तरीला पोहोचाल. पहिल्या काही महिन्यांत एवढं पोटात मावतच नाही, म्हणून पावडरीवर जास्त भिस्त ठेवावी लागते. "आम्ही रोज वरण खातो" हे खरं असलं तरी आपलं वरण बहुतेक घरी पाणीच असतं. जेवायला बसलं की आधी पनीर-डाळ-अंडं, मग भाजी, जागा उरलीच तर भाकरी.

गोड खाल्लं की चक्कर येते म्हणतात ते काय?

त्याला डम्पिंग म्हणतात. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं. उसाचा रस, आमरस, श्रीखंड, कोल्ड्रिंक हे पहिले आरोपी. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन जास्त सुटून साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात. तेव्हा मूठभर साखर खाल्ली तर चक्र पुन्हा फिरतं. असं वारंवार होत असेल तर आहार बदलायला लागतो, गाडी चालवताना तर विशेष जपा. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. ज्यांना होतो त्यांतले काही जण सांगतात की त्या धाकानेच गोड सुटलं.

गोळ्या खरंच आयुष्यभर?

हो. याच प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते.

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, नेमका तोच भाग आपण वाटेतून वगळलेला असतो. बी१२ शोषायला जठरातला रस लागतो, तो अन्नाला वेळेवर भेटत नाही. त्यामुळे कितीही सकस खा, पुरत नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी१२ ची रोजची गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन, व्हिटॅमिन डी, लोह (पाळी येणाऱ्या बायकांना जास्त), आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दोन-तीन भागांत. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कारण कार्बोनेटला ॲसिड लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको.

पहिलं वर्ष सगळे नेमाने घेतात. दुसऱ्या वर्षी वजन छान, तब्येत छान, "आता कशाला?" म्हणून सुटतात. शरीरातला बी१२ चा साठा काही काळ पुरतो, म्हणून लगेच काही जाणवत नाही. मग एक दिवस तळपायाला मुंग्या, जिना चढताना दम, हिमोग्लोबिन सात. वर्षातून एकदा तरी रक्त तपासा, पहिल्या वर्षी तीन-चारदा.

आणि एक फार महत्त्वाचं. काही दिवस सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं बी१, म्हणजे थायमिन, झपाट्याने संपतं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे वाक्य आम्ही पेशंटच्या कार्डावर छापून देतो. ते कार्ड पाकिटात ठेवा, कपाटात नको.

उपवास करता येतील का?

पहिलं वर्ष नाही. निर्जळी हरतालिका तर पुढेही नको, कारण हळूहळू पाणी प्यायची सवय असलेल्या पोटाला दुसऱ्या दिवशी तूट भरून काढता येत नाही. रोज्यांचंही तेच. पुढे डॉक्टरांना विचारून एकादशी-चतुर्थी करायचीच असेल तर साबुदाण्याच्या नादी लागू नका. तो निव्वळ पिष्ट, शिवाय चिकट. दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा यांवर दिवस काढा. मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. पण देवाला गोळ्या चालतात, उपवासाच्या दिवशी त्या चुकवू नका.

केस गळतात?

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर जास्त गळतात. तेल बदलून काही होत नाही.

डोकं दुखलं तर कोणती गोळी?

पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं कायमची वर्ज्य, जोडापाशी अल्सर होतो. मेडिकलवाल्याकडून 'अंगदुखीची एक द्या' म्हणून घेतलेल्या गोळीत बहुधा यांतलंच काहीतरी असतं. शी काळी डांबरासारखी झाली तर ताबडतोब दाखवा, फक्त लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो हे लक्षात असू द्या. इतर आजारांच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना पुन्हा विचारा.

लग्न ठरतंय किंवा बाळ हवंय, तर?

बारा ते अठरा महिने थांबा. वजन वेगाने उतरत असताना बाळाला पुरेसं पोषण मिळणार नाही. गंमत अशी की पीसीओडीमुळे वर्षानुवर्षं पाळी न येणाऱ्या मुलींची पाळी काही महिन्यांत सुरळीत होते आणि नको त्या वेळी दिवस राहतात. गर्भनिरोधक गोळी बायपासनंतर भरवशाची नाही, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधीच ठरवून घ्या. गरोदरपणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात, त्याने डम्पिंग होऊ शकतं. ग्लूकोमीटरवर घरी मोजायचा पर्याय मागा.

दारू?

पूर्वीच्या एका पेगचं काम आता फार थोड्यात होतं, आणि ती उतरायलाही वेळ लागतो. जेवणातला आनंद कमी झाल्यावर काही जण तो दारूत शोधतात. पूर्वी पीत नव्हते त्यांच्याबाबतही हे झालेलं आहे. माझं उत्तर: नको.

वजन परत वाढतं का?

सर्वांत कमी वजन साधारण वर्ष-दीड वर्षाने दिसतं. नंतर थोडं वाढणं बहुतेकांचं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जास्त वाढतं ते येता-जाता तोंडात टाकणाऱ्यांचं. पिशवी लहान आहे, पण चिवडा, बाकरवडी, चहात बुडवलेली बिस्किटं, आइस्क्रीम हे सगळं तिच्यातून सुळकन खाली उतरतं. वाटीभर उसळीने पोट गच्च होतं आणि पावशेर फरसाण दिवसभरात कधी संपलं ते कळत नाही. वाढू लागलं की तोंड लपवू नका. पाच किलो वाढल्यावर आलेल्या माणसाला मदत करता येते, पंचवीस वाढल्यावर ती अवघड होते.

कातडी लोंबते ती?

लोंबते. दंड, पोट, मांड्या. व्यायामाने स्नायू भरतात, कातडी पूर्ण आत जात नाही. वजन स्थिर झाल्यावर प्लास्टिक सर्जरी करता येते. विमा तिला बहुधा धरत नाही.

खर्च आणि विमा?

खासगी हॉस्पिटलात अडीच-तीन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत, शहर आणि हॉस्पिटलप्रमाणे. पॅकेजमध्ये स्टेपलर, भूलतज्ज्ञ आणि पुढच्या वर्षभराच्या भेटी धरल्या आहेत का, ते लेखी विचारा.

विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ च्या पुढे बीएमआय असून तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयरोग किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह असायला हवा, आणि बाकीचे उपाय करून झालेले हवेत. वर पाहिलं तसं वैद्यकीय शिफारस भारतीयांसाठी बरीच खालून सुरू होते. मधे अडकलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात करा आणि विमा कंपनी म्हणते बसत नाही. ही विसंगती मला अन्यायाची वाटते. ती दूर होईपर्यंत पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वाचा, आणि जुन्या डाएट-औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका, त्या पुरावा म्हणून लागतात.

नातेवाइकांना सांगायचं की नाही?

तुमची मर्जी. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची जाहीर चर्चा झाली आणि आमच्याकडे चौकशा वाढल्या. तरी बहुतेक जण अजून 'योगा आणि गरम पाणी' असंच सांगतात. लपवण्याचा तोटा पंगतीत कळतो. तुम्ही दोन घासांवर थांबता आणि यजमानीण दुखावते, "आमच्याकडचं आवडलं नाही का?" म्हणत वाढतच राहते. घरातल्या एका तरी माणसाला सगळं ठाऊक हवं, म्हणजे ते तुमच्या ताटावर हात आडवा धरू शकेल. रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर कार्ड कुठे आहे हेही त्यालाच माहीत असेल.

पुरणपोळी कधी खाता येईल?

हा प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतो, आणि विचारणारे बहुतेक पुरुष असतात. तीन-चार महिने तरी नाही. पुढे होळीला करा एक प्रयोग. आधी दोन चमचे पनीर किंवा वाटीभर दही खाऊन घ्या. मग चतकोर पोळी, तूप लावून, दुधात न बुडवता, नीट चावून. आणि खुर्चीत पंधरा-वीस मिनिटं बसा. घाम फुटला, छाती धडधडली, तर या वर्षी एवढंच. काही झालं नाही तर उरलेला तुकडा झाकून ठेवा, संध्याकाळी खाता येईल.